भरे गावचं शून्य

विश्राम घुगे यांनी सगळ्या जगाचं इंटरनेट तपासायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या पत्नी आशालता यांनी एकच प्रश्न विचारला, "त्याच्या आधी न्हाणीघरातला नळ तपासता का?"

नळ महिनाभर गळत होता, हे खरं. पण काही माणसं नळासाठी जन्माला येतात आणि काही व्यापक कार्यासाठी, असं विश्रामरावांचं स्वतःविषयी मत होतं. ते मूळचे जिंतूरचे. हिंजवडीतल्या एका कंपनीत नेटवर्कच्या खात्यात नोकरी, आणि बिऱ्हाड भरे गावात, वाल्मीकतात्यांच्या नव्या तीनमजली घरात, वरच्या मजल्यावर. मारुंजीत राहिले असते तर ऑफिस हाकेच्या अंतरावर आलं असतं. पण मारुंजीतल्या खिडकीतून समोरच्यांचा टीव्ही दिसतो आणि भऱ्यातल्या खिडकीतून भाताची खाचरं दिसतात, असं ते घोटावडे-माणमार्गे दुचाकीवर हाडं खिळखिळी करून घेताना स्वतःला रोज बजावत.

विश्रामरावांचं एक जुनं दुखणं होतं. ऑफिसात ते बोलायला लागले की लोकांना दुसऱ्या मीटिंगची आठवण व्हायची. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांचं एकही वाक्य पूर्णविरामापर्यंत पोचलेलं नव्हतं. त्यांची टीम लीड क्षितिजा वयाने त्यांच्याहून बरीच लहान. ती त्यांना नुसतं 'विश्राम' म्हणायची, आणि तेही बहुधा त्यांना थांबवण्यासाठी. तिनेच एकदा चहाच्या वेळी सांगितलं, की लवळ्याच्या एका विद्यापीठात नेटवर्क इंजिनियरांचं संमेलन भरतंय आणि कुणी काही नवीन मोजमाप केलं असेल तर पंधरा मिनिटं बोलायला मिळतील. पंधरा मिनिटं! समोर माईक, हातात रिमोट, आणि बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही असा सभेचा शिष्टाचार. विश्रामरावांनी चहा अर्धा टाकून नाव नोंदवलं.

विषय त्यांच्या डोक्यात होताच. फक्त तो समजावून सांगण्याची पाळी सगळ्यात आधी वाल्मीकतात्यांपुढे येईल, असं वाटलं नव्हतं.

त्याचं असं झालं, की हे काम ऑफिसच्या नेटवरून करायचं तर सुरक्षा विभागाची परवानगी लागते. परवानगीला फॉर्म. फॉर्मात एक रकाना होता : 'ज्यांच्या यंत्रणेची तपासणी करावयाची त्यांचे नाव व लेखी संमती.' विश्रामराव प्रामाणिक माणूस. त्यांनी लिहिलं, 'संपूर्ण इंटरनेट.' दोन दिवसांनी फॉर्म परत आला. शेरा होता : 'सदर पक्षाचा पत्ता व संपर्क क्रमांक अपूर्ण.' आता संपूर्ण इंटरनेटचा पिनकोड आणायचा कुठून? तेव्हा त्यांनी हे काम घरून, स्वतःच्या लॅपटॉपवर आणि वाल्मीकतात्यांचा मुलगा इंद्रजित याच्या नेटवर करायचं ठरवलं. इंद्रजितने भरे आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर विजेच्या खांबांवरून, झाडांवरून आणि एके ठिकाणी तर देवळाच्या कळसाजवळून केबल ओढून नेटचा धंदा उभा केला होता. त्याचा मुख्य डबा, म्हणजे जिथून सगळ्या गावाचं नेट आत-बाहेर जातं ते यंत्र, तळमजल्यावर भाताची पोती ठेवायच्या खोलीत होतं. तिथे लॅपटॉप ठेवायचा, तर तात्यांची परवानगी हवी.

"पर करायचं काय हाय नेमकं?" तात्यांनी विचारलं. ते ओसरीवर बसून पायाच्या अंगठ्यात सुतळी अडकवून दोरी वळत होते.

विश्रामरावांनी सांगायला सुरुवात केली. इंटरनेटवर माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते. वाटेत गर्दी तुंबली की मधली यंत्रं जादा पाकिटं सरळ फेकून देतात. पाकीट पोचलं नाही असं कळलं, की पाठवणारा उमजतो आणि वेग कमी करतो.

"म्हंजी टेम्पो दरीत ढकलल्यावर मालकाला कळायचं, की म्होरं रस्ता जाम हाय?"

"साधारण तसंच. पण याहून सभ्य पद्धतही आहे. पाकीट फेकायचं नाही. त्याच्या लेबलावर 'पुढे गर्दी आहे' अशी खूण करून जाऊ द्यायचं. ज्याला पाकीट मिळेल तो पाठवणाऱ्याला कळवतो, आणि पाठवणारा आपणहून हळू येतो. मात्र पाकीट निघतानाच लेबलाच्या कोपऱ्यात 'मला ही भाषा समजते' अशी एक खूण लागते. जगातल्या किती वेबसाइट ही खूण ओळखतात, ते मला मोजायचंय."

"म्हंजी लोकं ऐकत्यात का न्हाई, ते बगायचं?"

"हो."

"न्हाई ऐकत," तात्यांनी दोरीला गाठ मारत निकाल दिला. "संध्याकाळी भूगावच्या ट्रॅफिकमदी जाऊन हुभं ऱ्हावा. कोन ऐकतंय कुनाचं? पर तुमाला मोजायचंच आसंल तर मोजा. खोली हाय, पोती हायेत."

आणि विश्रामरावांनी मोजायला घेतलं. लॅपटॉप पोत्यावर बसवला. जगभरातल्या लाखो वेबसाइटची यादी मिळवली. कुणाला त्रास नको म्हणून वेग अगदी बेताचा ठेवला, आणि 'मी विश्राम घुगे, अभ्यासासाठी दार वाजवत आहे, नको असल्यास कळवावे' असं सांगणारं एक पानही नेटवर टाकलं. तरी दूरच्या एका थंड देशातल्या गृहस्थांनी तक्रार केलीच. ती ई-मेल इंद्रजितकडे आली आणि तो ती कोर्टाची नोटीस आल्यासारखा धरून वर आला. "सर, हे लोक म्हंत्यात तुमी आमच्या दाराशी घुटमळताय." इंद्रजित पिरंगुटच्या कॉलेजात शिकलेला, त्यामुळे विश्रामरावांना तो सर म्हणायचा. त्याची आई लीलाबाई मागोमाग आल्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "परमुलखातल्या मानसाशी कशाला वाकडं घ्यायचं? पत्ता घ्या त्यांचा. पाच किलो इंद्रायणी पाठवून देऊ." विश्रामरावांनी माफी मागून ती वेबसाइट यादीतून काढली. तांदळाचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही, पण लीलाबाई पुढचे चार दिवस पत्ता मागत होत्या.

मग गुरुवार आला. पुणे जिल्ह्यात गुरुवार हा दुरुस्तीचा, म्हणजे लाइट नसण्याचा वार असतो, हे जगाच्या पाठीवरच्या कुठल्याही शास्त्रीय ग्रंथात लिहिलेलं नाही. मोजणी अर्ध्यावर बंद पडली. इंद्रजितने आपल्या डब्याच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून दिली, ती सुरू झाली. शुक्रवारी विश्रामराव ऑफिसातून आले तर मोजणी पुन्हा थांबलेली. आत जाऊन बघतात तो तात्यांची खुडुक कोंबडी लॅपटॉपच्या उबेला बरोबर कीबोर्डावर बसलेली. तिने स्क्रीनवर एकच अक्षर पानभर टाइप केलं होतं आणि उठायची तिची तयारी नव्हती. विश्रामरावांनी हाताने हुसकायला बघितलं, तिने बोटाला चोच मारली. शेवटी लीलाबाईंनी तिला टोपलीखाली झाकली. त्या म्हणाल्या, "अंड्यावर बसवा म्हनत हुती ती कवापासनं. तुमी मिशिन ठिवलं." या सगळ्यात आपण एक आंतरराष्ट्रीय स्वरूपाचं काम करतो आहोत ही भावना टिकवून ठेवणं सोपं नव्हतं. विश्रामरावांनी ती टिकवली, बोटाला पट्टी बांधून.

आणि निकाल आला. निकाल होता शून्य.

एवढ्या लाखो वेबसाइटना खूण केलेली पाकिटं पाठवली, आणि एकीनेही खूण मिळाल्याचं कळवलं नाही. पाकीट मिळालं? मिळालं. खूण? कसली खूण? सगळ्या जगाचं एकच उत्तर. विश्रामराव पोत्यावर बसूनच राहिले. इतके तज्ज्ञ, इतकी वर्षं सांगत आले की जग सुधारतंय, आणि भरे गावातल्या भाताच्या खोलीत सिद्ध झालं की कुणीच ऐकत नाही! त्यांनी आशालताला हाक मारली. ती खाली आली, शून्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढे दिवस करायलात ते यासाठी?"

तात्यांना मात्र त्याचं महत्त्व एका क्षणात कळलं. "मी म्हनलंच हुतं," ते म्हणाले, आणि पुढच्या आठवडाभरात तो शोध निम्मा त्यांचा झाला. पतसंस्थेत, दूध डेअरीवर, सलूनमध्ये ते सांगू लागले, "आमच्या घुगेसाहेबांनी आख्खं जग मोजलं. एक मानूस ऐकत न्हाई." आणि मग, या भागात आनंदाची गोष्ट घडल्यावर जे होतं, तेच झालं. घोटावडे फाट्यावर फ्लेक्स लागला. मधोमध विश्रामरावांचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून. वर 'जगातील गर्दीचा शोध लावणारे भरे गावचे भूषण मा. विश्रामभाऊ घुगे यांचे लवळे येथील व्याख्यानाबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून तात्यांचं सगळं गणगोत, आणि कोपऱ्यात शून्य, त्याला लाल कडा. विश्रामराव दोनदा वाट वाकडी करून ते पाहून आले. तोंडाने मात्र म्हणाले, "कशाला एवढं?"

आनंदात मिठाचा खडा टाकला क्षितिजाने. तिने आकडे बघितले आणि कपाळाला आठी घातली. "विश्राम, शून्य जरा जास्तच क्लीन नाही वाटत? एक टक्का, दोन टक्के समजू शकते. दुसऱ्या लोकेशनवरून रन केलंत का?"

"गरज नाही वाटली."

"प्लीज एकदा करून बघा ना."

विश्रामराव 'बघतो' म्हणाले. 'बघतो' या शब्दात मराठी माणूस किती अपमान गिळू शकतो, हे ज्याने नोकरी केली त्याला सांगायला नको. वयाने लहान मुलीने आपल्या शून्यावर संशय घ्यावा! त्यांनी काही बघितलं नाही. स्लाइडवरच्या शून्याचा आकार तेवढा वाढवला.

संमेलनाच्या आदल्या दिवशी ते प्रोजेक्टरला आपला लॅपटॉप लागतो की नाही ते बघायला लवळ्याला गेले. टेकडीवरचं कॅम्पस, कँटीनला गर्दी, सभागृह रिकामं. लॅपटॉप जोडला, पडद्यावर काहीतरी हलतं दाखवावं म्हणून विद्यापीठाच्या नेटवरून त्यांनी तीच मोजणी सुरू केली. सहज. थोड्याशा वेबसाइट.

पहिलीने सांगितलं, खूण मिळाली. दुसरीने सांगितलं, मिळाली. तिसरी नाही म्हणाली. चौथी, पाचवी, सहावी हो म्हणाल्या. विश्रामरावांनी चष्मा पुसला. बघता बघता पडदा भरला, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वेबसाइट अगदी नम्रपणे 'मिळाली, मिळाली' म्हणत राहिल्या. त्या रिकाम्या सभागृहात विश्रामरावांना दरदरून घाम फुटला.

पुढचं काम फार वेळेचं नव्हतं. घरी येऊन त्यांनी पाकिटामागोमाग वाट तपासली : खूण कुठपर्यंत असते आणि कुठून नाहीशी होते. ती लॅपटॉपातून निघताना होती. पोत्याशेजारच्या इंद्रजितच्या डब्यातून बाहेर पडताना नव्हती. सबंध जगाला जाब विचारून झाला, आणि खुणा पुसणारा हाताच्या अंतरावर भिंतीला लटकला होता.

इंद्रजित जेवायला बसत होता. विश्रामरावांनी शक्य तितक्या सहज विचारलं, "त्या डब्यात पाकिटांची लेबलं पुसायचं काही सेटिंग केलंय का रे?"

"व्हय," इंद्रजित अभिमानाने म्हणाला. "मागल्या वर्षी केलं. आमची भावकी ठाऊक हाय ना तुमाला? वरच्या आळीच्या चुलत्याच्या पोराचं गेम लई फास्ट पळायचं आन् खालच्या आळीचं अडकायचं. गेमच्या पाकिटांवर म्हनं 'मला आदी सोडा' आसं लिव्हलेलं आसतंय. खालच्या आळीनं बोभाटा केला, की इंद्रजित वरच्यांकडं झुकतोय. जमिनीचा वाद मिटला न्हाई आजून, त्यात ह्यो. मग मी लेबलंच कोरी केली सगळी. हितं कोन व्हीआयपी न्हाई. सगळ्यांना सारखं."

लेबल सगळं कोरं केलं, म्हणजे कोपऱ्यातली गर्दीची खूणही गेली. भावकीत समान वाटप झालं आणि त्यात घुगे यांचं संशोधन वाटलं गेलं. विश्रामराव तोंड उघडणार, इतक्यात लीलाबाईंनी त्यांच्या पुढ्यात ताट सरकवलं. "बसा. उद्या समदी येनार हाये आमी. याचं बी काम हाय तितं. लवळ्याच्या होस्टेलवाल्या मालकांनी बोलावलंय, नव्या तीन बिल्डिंगांचं नेट द्यायचं म्हंत्यात. तुमचं भाषन ऐकायला ते बी बसनार हायेत. तुमच्या वळखीनं याचं बी भलं हुईल."

विश्रामरावांनी कसंबसं ताट संपवलं आणि ते जिना चढले.

वर आल्यावर त्यांनी आशालताला सगळं सांगितलं. शून्य खोटं. खरं सांगावं तर विचारणार, खुणा पुसत कोण होतं. इंद्रजितचं नाव घेतलं तर होस्टेलचं काम त्याच्या हातचं जाणार, आणि ज्यांनी परक्या गावात आपल्याला जागा दिली, फ्लेक्स लावला, जेवू घातलं, त्यांच्या पोराचं नाक चारचौघांत कापलं जाणार. नाही सांगितलं तर सगळ्या सभागृहापुढे खोटं बोलायचं. आशालताने शांतपणे ऐकून घेतलं. "शून्य तुमचं चुकलं म्हणा की," ती म्हणाली. "तेवढं तर खरंच हाय." विश्रामरावांना हे उत्तर अजिबात आवडलं नाही, आणि दुसरं सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत तात्या फेटा बांधून, लीलाबाई नव्या लुगड्यात, इंद्रजित इस्त्रीच्या शर्टात, आणि त्याच्या शेजारी होस्टेलचे मालक. पलीकडे आशालता, मागच्या रांगेत क्षितिजा. विश्रामरावांनी माईक घेतला. पडद्यावर शून्य आलं, चांगलं पुरुषभर उंचीचं. तात्यांनी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं.

"हे शून्य," विश्रामराव म्हणाले, "चुकीचं आहे."

तात्यांचा मोबाइल किंचित खाली आला.

"माझ्या पाकिटांवरच्या खुणा निघाल्या निघाल्याच पुसल्या जात होत्या. मी एकाच जागेवरून सगळं जग मोजलं आणि जगाला नावं ठेवली. मला दुसरीकडून बघा म्हणून सांगितलं गेलं होतं. मी बघितलं नाही. चूक माझी आहे." हे बोलताना त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. इतक्या वर्षांनी वाक्यं पूर्णविरामापर्यंत पोचत होती आणि ती ही अशी.

क्षितिजाने हात वर केला. "खुणा कुठे पुसल्या जात होत्या?"

"एका लहान पुरवठादाराकडे."

"कोणत्या?"

"नाव एवढं महत्त्वाचं नाही."

"विश्राम, जागा सांगितल्याशिवाय बाकीच्यांना हे तपासता कसं येईल?"

मुलगी बरोबर बोलत होती, हीच तिची वाईट सवय होती. विश्रामराव पाणी प्यायले. ग्लास ठेवला. पुन्हा उचलला. पहिल्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि इंद्रजित उभा राहिला.

"त्यो डबा माजा हाय," तो म्हणाला. होस्टेलच्या मालकांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "आमच्या भावकीत भांडनं नकोत म्हून मीच सगळी लेबलं पुसली हुती. त्यात ही खून जाती ते ठावं न्हवतं." मग तो मंचाकडे वळला. "काल जेवताना इचारलंत तवाच सांगायचं न्हाई का, दादा? घरातलं मानूस आसून लपवताय व्हय माज्यापासनं?"

आजवर तो सर म्हणायचा. जिंतूर सोडल्यापासून विश्रामरावांना कुणी घरातलं म्हटलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी पडद्याकडे तोंड फिरवलं, तर तिथे ते शून्य.

"बदलायला काय लागंल?" इंद्रजितने विचारलं.

"सगळं लेबल पुसू नकोस. कोपऱ्यातल्या दोन खुणा सोड. एक ओळ आहे."

विश्रामरावांनी ओळ सांगितली. इंद्रजितने उभ्या उभ्या मोबाइलवरून भऱ्यातला डबा उघडला आणि ती घातली. निघताना विश्रामरावांनी पोत्यावर आशालताचा लॅपटॉप ठेवला होता, त्यात याच मोजणीचा दुसरा संच चालू होता. त्यांनी तोच नेटवरून पडद्यावर आणला. एक क्षण काहीच झालं नाही. मग एका ओळीत उत्तर उमटलं, खूण मिळाली. त्याखाली दुसरं, त्याखाली तिसरं. भरे गाव जगाशी नीट बोलायला लागलं. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. होस्टेलचे मालक इंद्रजितच्या कानाशी लागले, "हे असं फोनवरून, लगेच होतं?" आणि त्यांनी त्याचा नंबर घेतला.

शेवटच्या रांगेतून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठले. "मला एकच विचारायचंय. इतके दिवस नुसतं शून्य येत होतं. तुम्हाला एकदाही शंका आली नाही?"

सोयीची उत्तरं दोन-तीन होती. विश्रामरावांनी त्यातलं एकही घेतलं नाही.

"आली होती," ते म्हणाले. "पण शून्य माझं होतं ना. सोयरीक जमवताना आपण समोरच्यांची दहा ठिकाणी चौकशी करतो. स्वतःच्या पोराची कोण करतं?"

सभागृह खळखळून हसलं. आशालताला हसू आवरेना, क्षितिजाही हसली. तात्या तेवढे हसले नाहीत. त्यांनी शूटिंग बंद केलं, फेटा सारखा केला आणि ते वळून इंद्रजितकडे निरखून बघू लागले.